चहाचा ट्रे ठेवा, माइकसमोर बसा

मैत्रिणींनो, 'माहितीपट' हा शब्द ऐकला की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं? खरं सांगा हं. जांभईच येते ना?

त्याला कारणही आहे. पूर्वी थिएटरला गेलं की मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट लागायचा. कुठं धरण बांधलं जातंय, कुठं गव्हाचं पीक डोलतंय आणि मागून एक भारदस्त पुरुषी आवाज सगळं समजावून सांगतोय. तेवढ्या वेळात मंडळी शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन यायची. १९४८ मध्ये सुरू झालेली ही फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारी संस्थेत विलीन झाली, पण माहितीपटाबद्दलचं आपलं मत काही बदललं नाही. आजही रिमोट फिरवताना असं काही लागलं, की दोन सेकंदांत आपण पुढच्या चॅनेलवर. मालिकेतल्या सुनेचं पुढं काय झालं, ते जास्त महत्त्वाचं!

पण या कंटाळ्याच्या मुळाशी थोडं जाऊन बघू या. कोयनेचंच उदाहरण घ्या. धरणाच्या गोष्टीत भिंत किती उंच, वीज किती, उद्घाटन कुणाच्या हस्ते, हे सगळं येतं. ज्या बाईचं घर, जातं आणि दारातली तुळस पाण्याखाली गेली, ती त्या गोष्टीत कुठं असते? नव्या गावात परक्या माणसांत तिनं पहिली चूल कशी मांडली, पाणी कुठून आणलं, माहेर किती लांब पडलं, हे तिला कुणी विचारलेलं असतं का? आपल्याला माहितीपट कंटाळवाणे वाटतात, कारण बऱ्याचदा त्यात आपणच नसतो. ज्या गोष्टीत आपलं कुणी नाही, ती आपण का बघावी?

बातमी, मालिका आणि माहितीपट या तिघींत फरक आहे, तोही समजून घेऊ. मालिका रचलेली असते. बातमी खरी असते, पण तिला घाई असते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेच्या महापुरानं सांगलीला वेढलं. तेव्हा टीव्हीवर आपण काय पाहिलं? पाण्यात बुडालेले रस्ते, बोटी, छपरावर बसलेली माणसं. पाणी ओसरलं आणि कॅमेरेही निघून गेले. पण बायकांचं काम तर तेव्हा सुरू झालं! चिखलानं भरलेलं घर उपसणं, भिजलेलं धान्य उन्हात घालणं, रेशनकार्ड आणि पोरांचे दाखले एकेक पान सुटं करून वाळवणं. बातमी जिथं संपते, तिथून माहितीपट सुरू होतो. तो थांबतो, विचारतो, पुन्हा येतो. रेडिओवर याच प्रकाराला आपण 'रूपक' म्हणतो. खऱ्या माणसांचे खरे आवाज, त्यांना जोडणारं थोडं निवेदन आणि एखाद्या विषयाचा नीट घेतलेला मागोवा.

हे सगळं आज लिहायचं कारण काय? तर आपल्याच भागातली एक गोष्ट.

सातारा-सांगलीच्या मातीत वाढलेल्या प्रत्येकीला 'प्रतिसरकार' ठाऊक आहे. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या गावांनी इंग्रजांना न जुमानता स्वतःचा कारभार चालवला. तेव्हा आजचा सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. म्हणजे ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावं आपण शाळेपासून ऐकतो. त्यांच्याबद्दल पुस्तकं आहेत, पुतळे आहेत. असायलाच हवेत.

पण हौसाताई पाटील हे नाव तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलंय?

हौसाताई या नाना पाटलांच्या कन्या. विट्याला राहायच्या. १९४३ साली त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती. मग ठरलं असं, की चौकीसमोर एका 'नवऱ्यानं' आपल्या 'बायकोला' मारायचं. बायको झाल्या हौसाताई. तो मारतोय, ही ओरडतेय, हे ऐकून पोलीस सोडवायला बाहेर आले. तेवढ्यात साथीदार आत शिरले आणि चार बंदुका आणि काडतुसं घेऊन पसार झाले. नाटक खोटं वाटू नये म्हणून मार मात्र खरा खावा लागला! पुढं गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात असलेल्या एका साथीदाराला त्यांनी सुटकेचा निरोप पोचवला. चिठ्ठी लपवली होती अंबाड्यात. परतताना रात्रीच्या अंधारात लाकडी पेटीच्या आधारानं मांडवी नदी पार केली.

ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली, कारण त्यांच्याकडं कुणीतरी कॅमेरा घेऊन गेलं आणि समोर बसून विचारलं. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात हौसाताई आपल्या तोंडून हे सांगताना दिसतात. तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. कुंडलच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड यांनीही तिथंच आपली आठवण सांगितली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वे अडवली गेली, ती. याला लूट म्हणू नका, इंग्रजांनी आपल्या लोकांचे चोरलेले पैसे आम्ही परत आणले, असं त्यांचं म्हणणं होतं. बघा, माणूस स्वतः बोलला की एका शब्दाचा अर्थ कसा बदलतो!

हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या. कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. कॅमेरा चार-पाच वर्षं उशिरा पोचला असता, तर? चौकीसमोर मार खाणाऱ्या त्या पोरीचं बोलणं आपल्याला कधीच ऐकायला मिळालं नसतं.

आणि हौसाताई तर क्रांतिसिंहांच्या कन्या. त्यांच्यापर्यंत कुणी ना कुणी पोचणारच होतं. ज्या हजारो बायकांनी भूमिगतांसाठी रात्री-अपरात्री भाकऱ्या थापल्या, पोलीस दारात आले तर आत कुणी नाही म्हणून ठणकावून सांगितलं, त्यांचं काय? त्यांच्यापैकी बहुतेकजणी काही न सांगताच गेल्या. त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं, तरी बहुतेकींनी काय उत्तर दिलं असतं, ते आपल्याला पाठ आहे. "मला बाईला काय म्हाईत? ह्यांस्नी इचारा."

हेच ते वाक्य, ज्यासाठी आज हा लेख लिहिला.

घरी कुणी मुलाखत घ्यायला आलं, की काय होतं? सोप्यात खुर्च्या मांडल्या जातात. आजोबा फेटा नीट करून बसतात. शेजारचे दोघे-तिघे येऊन बसतात. आणि आजी? आजी आत. सून चहा टाकते, लेक ट्रे घेऊन बाहेर येते. कॅमेऱ्यात दिसलाच तर तिचा हात दिसतो, बांगड्यांसकट. आजोबा साल विसरतात, तेव्हा आतून आवाज येतो, "अवो, त्या साली न्हवं, आपला थोरला रांगत हुता तवा." तो आवाज नंतर कापून टाकला जातो. म्हणजे खरं साल आजीला माहीत असतं आणि गोष्ट मात्र आजोबांच्या नावावर जमा होते!

आजोबांवर राग नाही हं. त्यांचंही ऐकायलाच हवं. पण अर्धीच बाजू ऐकून कुठला न्याय होतो का? मग अर्ध्या घराचं ऐकून इतिहास पूर्ण कसा होईल?

सामान्य माणसानं स्वतःच्या तोंडून बोलायचं, ही कल्पनासुद्धा फार जुनी नाही. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये लंडनच्या झोपडवस्तीवर 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा माहितीपट निघाला. त्यात तिथले रहिवासी थेट कॅमेऱ्याकडं बघून उंदीर, ढेकूण आणि ओल आलेल्या भिंतींबद्दल बोलले. लोकांना असं बोलतं करण्यात रूबी ग्रिअरसन या बाईंचा मोठा वाटा होता. कॅमेरा तुमचा, माइक तुमचा, आता सांगा काय ते, असा त्यांचा पवित्रा. त्याच काळात बीबीसीच्या मँचेस्टर केंद्रात ऑलिव्ह शॅप्ली होत्या. सामान्य माणसांचे आवाज टिपायला त्या रेकॉर्डिंगची गाडी घेऊन फिरत. ती गाडी सत्तावीस फूट लांब आणि सात टनांहून जड! एवढं धूड घेऊन त्या साध्या माणसांच्या दारात जात. १९३९ मध्ये त्यांनी खाणकामगारांच्या बायकांवर रेडिओ कार्यक्रम केला. खाणकामगारांवर नाही, त्यांच्या बायकांवर.

आज ते सात टनांचं काम आपल्या पर्समधला मोबाइल करतो. मग आडतं कुठं?

आपल्या भागात रेडिओची परंपरा काही लहान नाही. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं. शेतीचे, महिलांचे, लोकसंगीताचे कार्यक्रम ऐकत इथल्या दोन पिढ्या वाढल्या. रेडिओची मोठी सोय म्हणजे हात मोकळे राहतात. कणीक मळता मळता, शेंगा फोडता फोडता ऐकता येतं. टीव्हीसमोर मात्र बसावं लागतं, आणि बसायला वेळ कुणाला आहे? आता तर आकाशवाणीची केंद्रं मोबाइलवरही लागतात.

पण बोलायचं कुणी, हा प्रश्न राहतोच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक महत्त्वाचा निकाल दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं त्यात म्हटलं होतं. गावच्या पाणवठ्यावर जसा सगळ्यांचा हक्क, तसाच हवेतून जाणाऱ्या आवाजावरही. पुढं २००६ मध्ये सरकारनं सामाजिक संस्थांनाही 'सामुदायिक रेडिओ' सुरू करायला परवानगी दिली. छोटा ट्रान्समीटर, साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू आणि अट अशी, की निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत, तेही तिथल्या बोलीत. या रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, ही त्यातली उणीव. पण लोकजीवन, इतिहास, आरोग्य, शेती यांचे दरवाजे उघडे आहेत.

२००८ मध्ये आजच्या तेलंगणातल्या पस्तापूर गावात दलित शेतकरी बायकांचा 'संघम रेडिओ' सुरू झाला. त्याच वर्षी आपल्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. म्हसवड म्हणजे चेतना सिन्हा यांच्या माणदेशी महिला बँकेचं गाव. तीच ती बँक, जिचा पहिला अर्ज प्रवर्तक बायकांचे अंगठे पाहून नाकारला गेला होता. बायका हटल्या नाहीत, लिहा-वाचायला शिकल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. अशा गावात रेडिओ आला, तर त्यात दुष्काळ असणार, मेंढरं असणार, ओव्या असणार आणि सही शिकलेल्या बायकांचा ठसकाही असणार. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी' सुरू झाली. म्हणजे ज्या तालुक्यांकडं बाकीचे 'दुष्काळी' म्हणून बोट दाखवतात, तिथंच आवाजाचं पीक आधी आलं!

बाईचा आवाज जपला तर काय घडतं, याचं एक मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराच्या आसपास गावं! २०१७ पासून हा ठेवा 'पारी'वर आवाजासकट, चित्रफितींसकट लोकांसमोर येतोय. त्या ओव्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे. बाबासाहेब आंबेडकर आहेत, सासुरवास आहे आणि बाईच्या कष्टाचा चोख हिशोबही आहे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. आणखी काही वर्षं उशीर झाला असता, तर यातल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बायकांबरोबरच गेल्या असत्या.

आणि लिहून ठेवण्याचं मोल काय असतं, ते सावित्रीबाईंइतकं कोण सांगेल? त्या आपल्याच खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. १८६८ मध्ये नायगावहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. वेगवेगळ्या जातींतल्या एका जोडप्याच्या जिवावर गाव उठलं होतं, आपण मध्ये पडून त्यांना कसं वाचवलं, ते त्यात त्यांनी कळवलंय. पत्र राहिलं म्हणून आज आपल्याला ही घटना कळते, तीही सावित्रीबाईंच्याच शब्दांत. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या हातात लेखणी नव्हती. त्यांच्याकडं होता फक्त आवाज. तो टिपला नाही, तर मागं काहीच उरत नाही.

आता काहीजणी म्हणतील, "अहो, आमच्या घरात कुठं क्रांती झाली? आमची आजी कुणाची कोण?"

तिला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारून बघा. रोजगार हमीच्या कामावर खडी कुणी फोडली? बायकांनी. पाझर तलावाची माती डोक्यावरून कुणी वाहिली? बायकांनी. सुकडी कशी मिळायची, रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरी घशाखाली कशा उतरवल्या, तान्हं पोर झाडाला झोळी बांधून कसं ठेवलं, हे तिला तोंडपाठ असेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती कुठं होती, हे विचारा. हळद शिजवायच्या दिवसांत घरातल्या बायकांची झोप किती व्हायची, हे विचारा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. त्या हळदीनं पिवळे झालेले हात कुणाचे, तेही नोंदवायला नको का?

दुसरी शंका मात्र खरी आहे. घरातलं चारचौघांत कशाला न्यायचं? म्हणूनच काही पथ्यं पाळायची. आजीला आधी विचारायचं, "रेकॉर्ड करू का?" नको म्हणाली, तर नको. मध्येच फोन बंद कर म्हणाली, तर बंद. आणि तिच्या परवानगीशिवाय व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एक सेकंदही टाकायचं नाही. बाईनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट फॉरवर्ड करण्यासाठी नसते.

तिसरी गोष्ट खरेपणाची. आठवणीत गफलत होते. नावं इकडची तिकडं होतात, साल चुकतं. म्हणून ऐकलेलं सगळं जसंच्या तसं इतिहास म्हणून मिरवायचं नाही. शेजारच्या मावशींना विचारा, जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला, सातबारा पडताळून बघा. चांगला माहितीपटही असाच तयार होतो. एकीचं ऐकायचं, दुसरीशी ताडून बघायचं. आजीनं साल सांगितलं नाही तरी "भूकंपाच्या आधी की नंतर?" एवढं विचारलं, तरी बरंच हाती लागतं.

काम अवघड नाही. दुपारची निवांत वेळ धरा, घरातली पुरुष मंडळी बाहेर असली तर उत्तमच. पंखा, मिक्सर, कुकर बंद. फोन जवळ ठेवा. सुरुवातीला आजीचं नाव, गाव आणि आजची तारीख बोलून घ्या. नाहीतर वीस वर्षांनी हा आवाज कुणाचा, हेच कळायचं नाही! एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा. ती थांबली तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. खरी गोष्ट पुष्कळदा त्या थांबण्यानंतरच येते. आणि रेकॉर्डिंगची प्रत दोन ठिकाणी ठेवा. फोन पाण्यात पडला की आजीही गेली, असं व्हायला नको.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण प्लॅस्टिकचे डबे किती वर्षं वाटणार? यंदा एका गल्लीनं ठरवावं, की सगळ्यात वयस्कर बाईला मध्ये बसवायचं आणि तासभर ऐकायचं. बचत गटाच्या एखाद्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास यासाठी काढता येईल. कॉलेजातल्या लेकीला रेकॉर्डिंगचं काम द्या, तिला ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं. चांगलं काही हाती लागलं, तर जवळच्या रेडिओ केंद्राला कळवा, शाळेतल्या मुलांना ऐकवा.

आणि जे माहितीपट करतात, त्यांनाही एक सांगणं आहे. आमच्या गावात या, जरूर या. सोप्यातल्या खुर्चीवरच्या माणसाचं ऐका. पण मग उठा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी या. तिथं उभी असलेली बाई पहिल्यांदा "मला काय म्हाईत" म्हणेल. लगेच परत फिरू नका. दुसऱ्यांदा विचारा. तिला सवय नाही कुणी दुसऱ्यांदा विचारण्याची.

राहता राहिल्या आपण. 'ह्यांस्नी इचारा' हे वाक्य आता आपल्या तोंडातून जायला हवं. आपल्याला जे माहीत आहे, ते आपल्यालाच माहीत आहे. ते ह्यांना विचारून कसं कळणार? पुढच्या वेळी कुणी माइक घेऊन दारात आलं, तर चहा ह्यांना टाकायला सांगा. तेवढा त्यांनाही येतो!